शुभंकर माडावरून पडला नाही

शुभंकर शिवलकर माडावरून पडला नाही.

हे आधीच लिहून ठेवतो. आमच्या पावस गावात कोणालाही विचारलंत तर तो पडला असंच सांगतील. त्याच्या वाडीतली माणसं तसं सांगतात. माझे वडील गेल्या महिन्यापर्यंत तसंच म्हणत होते. शुभंकर स्वतःही तेच सांगतो. खरं काय झालं ते ज्यांना ठाऊक होतं, त्यातला एक मी. मी गप्प बसलो.

शुभंकर पाडेली. माडावर चढून नारळ उतरवणं हा त्याचा धंदा. त्याचे वडील धाकूकाका हेच करायचे. आमच्या आगरात चौऱ्याऐंशी माड आहेत आणि माझ्या जन्माच्या आधीपासून ते शिवलकरांच्या हाती आहेत. माड आमचे, पण त्यांची खबर शिवलकरांना. कोणत्या माडाला उंदीर लागलाय, कोणाचा कोंब भुंग्यानं खाल्लाय, कोण पुढच्या वर्षी धरणार नाही, हे बाबांना आधी धाकूकाका सांगायचे आणि नंतर शुभंकर सांगू लागला.

शुभंकरनं माडांना नावं दिली होती. विहिरीजवळचा वाकलेला माड म्हणजे ‘मास्तर’. हजेरी घेताना वाकल्यासारखा दिसतो म्हणून. दगडी गडग्याच्या कडेला एक फार उंच माड आहे, तो ‘मुंबईकर’. वर्षातून दोनदा काहीतरी देतो, बाकी वेळ नुसता डोलतो. आणि पडवीसमोरचा बुटका, लेकुरवाळा माड म्हणजे ‘यमुनाबाई’. हे त्याच्या आईचं नाव. तिला कळलं तेव्हा तिनं त्याला झाडू घेऊन खळ्यात तीन फेऱ्या पळवलं होतं.

शाळेत आम्ही एका बाकावर होतो. दहावीनंतर तो माडावर गेला आणि मी पुण्याला. मी मराठी घेऊन बीए केलं, मग एमए. सुट्टीत आलो की आम्ही गणेशगुळ्याच्या किनाऱ्यावर जायचो. मी त्याला वाचलेलं सांगायचो. तो ऐकायचा आणि शेवटी विचारायचा, “मग त्या बाईनं पुढं काय केलंन?” पुढचं पुस्तकात नाही, असं सांगितलं की त्याला राग यायचा.

एकटे असलो की तो मला मुकुल म्हणायचा. चिडला तर मेल्या. आगरात, बाबांसमोर, मुकुलदादा. खरं तर तो माझ्याहून तीन महिन्यांनी मोठा. तू मला दादा का म्हणतोस, असं मी त्याला कधी विचारलं नाही. ते मला बरोबरच वाटत असावं.

त्याचे पाय आपल्या पायांसारखे नव्हते. तळवे आत वळलेले, अंगठा बाकीच्या बोटांपासून लांब. घोट्यांवर काथ्याच्या दोरीचे घट्टे. चढताना तो पायांत दोरीचा वेढा घालायचा, दोन्ही तळवे खोडाला लावायचा आणि बेडकासारखा वर सरकायचा. वर पोचल्यावर त्याला हात मोकळे लागायचे. एका हातात कोयता, दुसऱ्या हातात नारळांचा घड. त्या वेळी साठ फुटांवर माणूस निव्वळ मांड्यांच्या जोरावर असतो.

धाकूकाकांनी त्याला सातव्या वर्षी पहिला धडा दिला होता. तो मला पाठ आहे, कारण ते आमच्या आगरात उभे राहून ओरडायचे. “वर काय झालं तर हात सुटू देत, पाय सोडायचा नाय. मुंगळा चावला, पाय आवळ. वारा आला, आवळ. पायात गोळा आला तरी आवळ. दुखतं म्हणून सोडलंस तर खाली कातळ हाय.”

धाकूकाका एकेचाळीस वर्षं चढले. एकदाही पडले नाहीत. हे ते स्वतः सांगायचे नाहीत. गाव सांगायचा.

पुण्यात मला जिउ-जित्सूचा नाद लागला. कुस्तीसारखा खेळ, पण पाठ टेकली की तो संपत नाही. तिथून पुढे सुरू होतो. खाली पडलेला माणूस पायांनी वरच्याला कवटाळतो, मान आवळतो, हात मुरडतो. सहन होईना की हातानं थाप मारायची. थाप पडली की समोरच्यानं त्याच क्षणी सोडायचं. सगळा खेळ एवढ्या एका भरवशावर चालतो.

एमए होऊन परत आलो तेव्हा रत्नागिरीतल्या एका कॉलेजात तासांवर शिकवायचं काम मिळालं. माळनाक्याजवळ उन्मेष सरांचा कराटेचा वर्ग होता. रविवारी सकाळी त्यांचा हॉल रिकामा असायचा. तिथं मी चार-पाच जणांना शिकवू लागलो. मला स्वतःला दोन वर्षांचाच अनुभव. पण शिकवायला मिळालं की माणूस स्वतःला किती येतं ते विसरतो.

एकदा आगरात शुभंकर वाळलेल्या झावळ्यांवर बसून कोयत्याला धार लावत होता. मी म्हटलं, “मला पायांनी धर.”

“कशाला?”

“धर तर.”

कोयता बाजूला ठेवून तो आडवा झाला आणि त्यानं माझ्या कमरेला पायांचा वेढा घातला. मला श्वास घेता येईना. सुटण्यासाठी मला येत होतं ते सगळं मी केलं. तो पाठीवर पडून आभाळाकडे बघत होता.

“मुकुल,” तो म्हणाला, “तू मास्तरापेक्षाही बारीक हायस रे. जरा हाल तरी.”

मी हसत सुटलो. तो पुढच्या रविवारपासून यायला लागला.

माझ्या स्कूटरवर मागे बसून यायचा. भाट्याच्या पुलावर गाडी आली की हात पसरायचा. हॉलमध्ये निळ्या गाद्या होत्या, एकमेकींत अडकवायच्या. पहिल्या दिवशी त्यानं त्या बोटांनी दाबून बघितल्या. “पडायची एवढी सोय मी बघितली नव्हती,” म्हणाला. तीन महिन्यांत तिथला एकही जण त्याचे पाय उघडू शकेना. उन्मेष सर वजनानं त्याच्या दीडपट. तेसुद्धा एकदा घामाघूम होऊन बाजूला बसले आणि म्हणाले, “हा माणूस आहे की फणसाचा चीक?”

शुभंकर खूश झाला. इतकं खूश मी त्याला त्याआधी बघितलं नव्हतं. माडावर चढणाऱ्याला खालून कोणी शाबासकी देत नाही. नारळ पडला की त्याचं काम दिसतं. इथं माणसं त्याच्याकडे बघत होती.

आणि मी त्याला हरवू शकत नव्हतो. ते मला पहिला महिना गमतीचं वाटलं. नंतर वाटेना.

जानेवारीत त्याचा उजवा गुडघा दुखायला लागला.

मी त्याला एक पकड शिकवली होती. पाठीवर असताना आपलाच पाय हातानं ओढून समोरच्याच्या मानेमागे न्यायचा. तो पाय कमरेतून वळायला हवा. कंबर वळली नाही तर सगळा पीळ गुडघ्यावर येतो. पुण्यातले आमचे सर हे दर वेळी सांगायचे. मी शुभंकरला एकदा सांगितलं. त्याचे पाय इतके तयार होते की दुसऱ्यांदा सांगायची गरज वाटली नाही. अर्धवट धरलेल्या स्थितीत तो दोन्ही पायांची आढी घालून समोरच्याचा पाय अडकवून ठेवायचा, पाच-पाच मिनिटं. त्यातही गुडघा पिळला जायचा. मी म्हणायचो, वा.

त्यानं मला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा मला आठवतात.

पहिल्यांदा स्कूटरवर. “गुडघ्यात आतल्या बाजूला दुखतंय रे.”

“सराव झाला की जाईल,” मी म्हटलं. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

दुसऱ्यांदा आमच्या विहिरीच्या कठड्यावर. तो गुडघ्याला उंडीचं तेल चोळत होता. “चढताना काय नाय. उतरताना कळ येते. पाय खाचेत ठेवला की आत काहीतरी सरकतं.”

“बर्फ लाव.”

“बर्फ? मी काय सुरमई हाय?”

आम्ही दोघंही हसलो. बोलणं तिथंच संपलं.

तिसऱ्यांदा हॉलच्या पायऱ्यांवर, चपला काढताना. मार्चमधला रविवार. “आज पायाचं नको करूया, मुकुल.”

“बरं,” मी म्हटलं.

त्या दिवशी सहा जण होते. माझी आणि त्याची जोडी शेवटी लागली. नेहमीसारखं त्यानं मला कमरेत धरलं. मी पाच मिनिटं झटलो. काही जमेना. बाजूनं उन्मेष सर हसून म्हणाले, “अरे, विद्यार्थ्यानं मास्तरांना खुंटीला बांधून ठेवलंय!” सगळे हसले. शुभंकरही हसला. हसताना त्याचा वेढा जरा सैल झाला.

मी मागे बसलो आणि त्याचा उजवा पाय काखेत घेतला. टाच माझ्या कोपरात आली.

पायाची ही पकड आमच्या पुण्याच्या वर्गात नव्या मुलांना मना होती. सर म्हणायचे, पहिली दोन वर्षं हिला हात लावायचा नाही. बाकी पकडींत आधी दुखतं आणि मग मोडतं, म्हणून माणूस वेळेवर थाप मारतो. इथं टाच वळते, गुडघा पिळतो आणि दुखायच्या आधीच आतलं तुटतं. हे मी वहीत लिहून घेतलं होतं. वही अजून आहे. वर तारीख आहे.

पाय अडकला हे शुभंकरला कळलं. त्यानं वडिलांनी शिकवलेलं केलं. आवळला. मांड्या, पोटऱ्या, सगळं आवळून घेतलं आणि अंग वळवून पाय ओढायला गेला. वळला तो नेमका उलट बाजूला. त्याचे दोन्ही हात मोकळे होते. त्यानं थाप मारली नाही. मारेल कशाला? दुखत नव्हतं. जन्मभर पाय दुखत असताना न सोडणं हेच तो शिकला होता. इथं तर दुखतही नव्हतं.

मी थापेची वाट बघत होतो.

मी जोर लावला नाही, असं मी स्वतःला कितीदा सांगितलं. लावला होता. थोडा. मला एकदा तरी जिंकायचं होतं.

असोला नारळ सोलताना सालीचं पहिलं सोडण सुटतं, तसा आवाज झाला. लहान आणि ओला.

मी पाय सोडला. शुभंकर उठून बसला आणि गुडघ्याकडे बघत राहिला.

“दुखलं नाय,” तो म्हणाला. “मुकुल, दुखलंच नाय रे.”

मग तो उभा राहायला गेला आणि पाय त्याच्या खालून बाजूला निघून गेला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “कसं लागलं?”

मी त्याच्या शेजारी उभा होतो. उत्तर मी द्यायचं होतं. तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल ते मला कळत नव्हतं. डॉक्टरांनी पेन टेकवून वर बघितलं.

“माडावरून पडलो,” शुभंकर म्हणाला.

“किती उंचावरून?”

“जास्त नाय. उतरताना.”

डॉक्टरांनी लिहून घेतलं.

बाहेर रिक्षाची वाट बघताना मी त्याला म्हटलं, “असं का सांगितलंस?”

“तू गप्प होतास.”

“अरे, पण—”

“मग काय सांगू? मुकुलदादानं मोडलंन?” तो माझ्याकडे बघत नव्हता. “पाडेल्यानं खेळात पाय मोडून घेतलान सांगितलं तर बापूस घरात घेणार नाय. माडावरून काय, माणूस पडतो.”

उन्मेष सरांना आणि बाकीच्यांना त्यानंच सांगून ठेवलं. ते सगळे रत्नागिरीचे. पावसमध्ये त्यांचं कोणी नव्हतं. त्यांना बोलायचं कारणही पडलं नाही.

घरी धाकूकाका पडवीत बसले होते. त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी पायाकडे बघितलं नाही. शुभंकरच्या तोंडाकडे बघितलं. दोन दिवस ते त्याच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा सुपारी कातरता कातरता म्हणाले, “मी एकेचाळीस वर्षं चढलो. पडलो नाय.” माझ्याकडे बघून म्हणाले, जणू तक्रार माझ्याकडे करायची होती. शुभंकर आतल्या खोलीत पाय उशीवर ठेवून पडला होता. मधलं दार उघडं होतं.

त्याची बहीण राजश्री मला सोडायला कुंपणाच्या बेड्यापर्यंत आली. ती काजूच्या कारखान्यात निवडणीचं काम करते. हजारातली खराब बी तिला लांबून दिसते.

“कातळावर पडला म्हणता,” ती म्हणाली. “कुठं खरचटलेलं कसं नाय?”

“नशीब,” मी म्हटलं.

तिनं बेड्याचा बांबू माझ्या मागं लावला.

ऑपरेशन कोल्हापूरला झालं. तिथले डॉक्टर चांगले होते, समजावून सांगणारे. गुडघ्याच्या आतला दोर तुटला होता, तो नवा घातला. “पण सांध्यातली कूर्चेची गादी आधीपासून फाटत आलेली होती,” ते म्हणाले. “एका दिवसाचं हे दुखणं नाही. दोन-तीन महिने तरी दुखत असणार. कोणाला बोलला नाहीस?”

“बोललेलो,” शुभंकर म्हणाला.

मी खिडकीजवळ होतो. खाली एक माणूस हातगाडीवर कलिंगडं रचत होता. मी ती मोजली. सतरा होती.

त्यानंतर दहा महिने मी दर रविवारी त्याच्याकडे जात होतो. हॉल मी सोडला. गुडघा वाकवायचा, सरळ करायचा, भिंतीला पाठ लावून बसायचं. मी आकडे म्हणायचो, तो करायचा. सुरुवातीला तो थट्टा करायचा. “एमए करून आकडे म्हणतोय, मेल्या. बालवाडीत लाग.” दुखलं की थांब, मी सारखं म्हणायचो. थांबणं त्याला जमायचं नाही. एकदा मी मोठ्यानं ओरडलो, “दुखलं की थाप मार!” आणि मग आकडे पुन्हा एकपासून सुरू केले.

एवढ्या रविवारांत मी त्याची माफी मागितली नाही. मागायला गेलो की तो म्हणायचा, “पुढचा आकडा बोल.”

श्रावणात धाकूकाका गेले. फार आजारी नव्हते. जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. त्यांना न्यायला वाडीतले आले तेव्हा शुभंकर अजून काठी घेऊन चालत होता. त्याला खांदा देता आला नाही. स्मशानाच्या वाटेवर एक म्हातारा मागून कोणाला तरी सांगत होता, “धाकूचं नाव होतं. मुलगा पडला, तिथंच खचला तो.” शुभंकर माझ्या दोन पावलं पुढं चालत होता. त्यानं ऐकलं. मीही ऐकलं.

तेव्हा मी बोलू शकलो असतो. सगळा गाव तिथं होता.

पुढच्या जानेवारीत पाय बरा झाला. डॉक्टरांनी जपून चढायला हरकत नाही असं सांगितलं. शुभंकरनं घरामागच्या माडाला दोरी लावली. राजश्री आणि त्याची आई यमुनाबाई खाली उभ्या, मी गडग्यावर. तो पहिल्या खाचेपर्यंत गेला आणि थांबला. मग दुसरी, तिसरी. पुढं थांबला नाही. वर जाऊन त्यानं एक सुकलेली झावळ तोडून टाकली. खाली आला तेव्हा पायाच्या पोटऱ्या थरथरत होत्या आणि तो हसत होता.

“आला रे,” म्हणाला. “पाय आला.”

पण आमच्याकडे पडलेल्या पाडेल्याला कोणी परत आपल्या माडावर चढवत नाही. हा नियम कुठं लिहिलेला नाही. त्यात राग नसतो. भीती असते, की आपल्या आगरात काही व्हायला नको. हे मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणापासून ऐकलेलं होतं. दवाखान्यात त्यानं ते दोन शब्द उच्चारले तेव्हा त्यालाही माहीत असणार.

तो चार आगरांत जाऊन आला. चारही ठिकाणी त्याला बसवून चहा दिला. पूर्वी त्याला चहा उभ्या उभ्या मिळायचा, माडाच्या बुंध्याशी. बसवून दिला म्हणजे काय ते त्याला कळलं.

आमच्याकडे तो आलाच नाही. बाबांनीच एकदा जेवताना विषय काढला. “दुसरा कोणी बघायला हवा. शुभंकर चांगला, पण पडलेला माणूस परत वर गेला की खाली बघतो. धाकू असता तर त्यानंही नको म्हटलं असतं.”

मी आमटी भात कालवत होतो. कालवत राहिलो.

आता आमच्याकडे एक जण यंत्र घेऊन येतो. दोन्ही पायांत लोखंडी पट्टे अडकवून पायऱ्या चढल्यासारखा वर जातो. भला माणूस आहे. त्याला माडांची नावं माहीत नाहीत.

शुभंकर गणेशगुळ्याच्या फाट्यावर शहाळी विकतो. वर निळा कापडी मांडव, खाली शहाळ्यांचा ढीग, बसायला एक स्टूल. शहाळी दुसऱ्यांनी उतरवलेली असतात. तो एक-एक हातात घेतो, देठ बघतो आणि पुटपुटतो. “बोथट कोयता.” “ओढून काढलाय.” “हा माड तहानलेला हाय.” गिऱ्हाइकांना वाटतं, पाणी किती ते बघतोय.

गेल्या महिन्यात मी बाबांना सांगितलं. सगळं. हॉल, गुडघा, तीन वेळा, टाच, दवाखाना. ते झोपाळ्यावर होते. पायानं झोपाळा थांबवून ऐकत राहिले.

“आणि मी दुसरा माणूस बघायचं म्हटलं,” ते सावकाश म्हणाले, “तेव्हा तू समोर जेवत होतास.”

“हो.”

ते आणखी काही म्हणतील म्हणून मी थांबलो. ते उठले, सदरा घातला आणि फाट्यावर चालत गेले. तासाभरानं परत आले.

“तो नाही म्हणतो,” बाबा म्हणाले. “म्हणाला, नाय भाऊ, मी पडलोच होतो. मुकुलदादाच्या मनात काहीतरी बसलंय, त्याचं ऐकू नका.” त्यांनी सदरा काढून खुंटीला लावला. “आता मी कोणाचं ऐकू?”

मी दुसऱ्या दिवशी गेलो. सकाळचे अकरा वाजले असतील. मांडवापुढे एक गाडी थांबली होती, साताऱ्याकडची माणसं, किनाऱ्यावर निघालेली. शुभंकर शहाळं तासत होता. त्याची चड्डी गुडघ्यापर्यंत होती आणि गुडघ्यावरचा टाक्यांचा वण दिसत होता. एक मध्यमवयीन गृहस्थ त्याकडे बघून म्हणाले, “पायाला काय झालं हो?”

“माडावरून पडलो,” शुभंकर म्हणाला. सवयीनं म्हणाला. मग त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं.

“नाही,” मी म्हटलं. “तो पडला नाही. पाय मी मोडला. खेळताना. तो माडावरून कधीच पडलेला नाही.”

माझा आवाज मोठा झाला असणार, कारण गाडीतल्या बाईंनीही काच खाली करून बघितलं. ते गृहस्थ एकदा माझ्याकडे आणि एकदा शुभंकरकडे बघत राहिले. मग मान हलवून म्हणाले, “असं होय. जरा स्ट्रॉ द्या ना.”

शुभंकरनं स्ट्रॉ दिली. ती माणसं पाणी पिऊन, मलई खाऊन निघून गेली.

आम्ही दोघंच राहिलो.

“बाबांना का खोटं सांगितलंस?” मी विचारलं.

तो कोयता पुसत होता. पात्याच्या एका बाजूनं, मग दुसऱ्या. “बापूस गेला मी पडलो समजून. त्याला कोण सांगणार आता?”

मी स्टुलावर बसलो.

“तो पडवीत बसायचा ना,” तो म्हणाला. “मी आत पडलेला असायचो. रोज वाटायचं, आज मुकुल येईल आणि सांगेल. माझ्या तोंडानं मला नाय सांगता यायचं. रविवार आला की तू यायचास. आकडे म्हणायचास.”

फाट्यावरून एक एसटी वळली. ढिगावर बसलेली धूळ त्यानं फडक्यानं झटकली.

“तू सगळ्यांना सांग पाहिजे तर,” तो म्हणाला. “मी आता अडवत नाय. पण मला विचारलंन कोणी तर मी पडलो असंच सांगणार. बापूस जाताना जे घेऊन गेला, तेच राहू दे.”

म्हणून हे लिहिलं. गावात कोणाला पटेल, कोणाला नाही. त्यामुळं शुभंकरच्या पायाचं काही होणार नाही आणि धाकूकाकांपर्यंत हे पोचणार नाही.

निघताना शुभंकरनं ढिगातलं एक शहाळं उचललं. तीन घावांत तोंड मोकळं केलं आणि माझ्यापुढे धरलं.

“घ्या, मुकुलदादा.”

मांडवात आमच्याशिवाय कोणी नव्हतं. मी घेतलं आणि प्यायलो. पाणी अजून गोड झालं नव्हतं, जिभेला जरा तुरट लागत होतं.

“यमुनाबाईचं हाय,” तो म्हणाला. “तुमच्याच आगरातलं. ओळखलंत नाय?” त्यानं माझ्या हातातलं रिकामं शहाळं घेतलं, उलटं करून देठ बघितला आणि मागच्या ढिगावर टाकलं. “कोवळं काढलंन. आठ दिवस थांबायला हवं होतं.”